नवरेमंडळी बाहेर
स्त्रीरोग विभागात ताईनं भावाला खुर्चीवर बसवलं. हार्मोनच्या इंजेक्शनांनी दाढी आली होती, आवाज बदलला होता. गर्भाशय मात्र होतं तिथंच होतं, आणि परवापासून रक्त थांबत नव्हतं. "नवरेमंडळी बाहेर थांबा," आया ओरडली. ताई तिच्या कानाशी लागली, "मावशी, पेशंट तोच आहे." मावशीनं त्याला नखशिखान्त न्याहाळलं आणि मोठ्यानं विचारलं, "कितवा महिना, भाऊ?" बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. ताईनं आत जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. मान वर न करता ते म्हणाले, "पुरुष विभागात न्या." तिथूनच तर दोघांना इकडे पिटाळलं होतं. ती बाहेर आली तेव्हा पांढराफटक पडलेला भाऊ उभा होता. "चल, ताई. थांबेल आपोआप." "बस, मी पुन्हा बोलते," ती म्हणाली. तो वाकून घाईघाईनं शर्टाच्या बाहीनं खुर्ची पुसत होता.