पुन्हा दहा मिनिटं

"फवारा थेट कडीवर मारलात?" सासूबाई दारातूनच कडाडल्या.

टेबलावर लोखंडी कडी होती. जावयाने काल वेल्डिंग केलेली. उंच इमारतीच्या काचा पुसणारे दोघे ज्या पाळण्यात उभे राहतात, तो हिच्यावर लटकणार. बाहेर ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

जोडाला भेग आहे का, हे सांगायचं काम सासूबाईंचं. शाळा चौथीपर्यंत, पण त्यांच्या सहीशिवाय कारखान्यातून खिळा बाहेर जात नसे. लाल रंग लावून त्या हात धुवायला गेल्या होत्या. दहा मिनिटांत रंग मुरला की वरवरचा पुसायचा, तोही फडक्याने. मग पांढरी पावडर. भेग असली तर तिच्यात शिरलेला रंग पावडरीवर उमटतो. जावयाने त्यांच्या माघारी पुसायच्या औषधाचा फवारा सरळ कडीवर सोडला, वर पावडरही मारली.

"बघा की आई, दुधासारखी स्वच्छ! करा सही."

सासूबाईंनी टेबलाखाली बोट दाखवलं. लाल थारोळं साचलं होतं. "भांडं विसळून ठेवायचं आणि म्हणायचं, मांजर आलंच नव्हतं! भेगेतला रंगही धुऊन काढलात. आता दिसणार काय, कपाळ?"

"माझ्या हातावर भरवसा नाही तुमचा?"

"लेक दिली की तुम्हाला. सही नाही मिळायची."

त्यांनी कडी धुतली, कोरडी केली, पुन्हा रंग लावला. घड्याळाकडे तोंड करून स्टुलावर बसल्या. पुन्हा दहा मिनिटं.

जावई दारापर्यंत गेला, परत आला. पाना उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. हॉर्न वाजतच होता.

"नवी नोकरी आहे, आई. पहिलंच काम नापास झालं तर दारात उभं करणार नाहीत मला."

"पाळण्यात चढणाऱ्यांनाही सासवा असतील, जावईबापू. माझ्याइतक्या वाईट नसतील, एवढंच."

तो हसला नाही. पाच मिनिटं झाली. सहा. कडीवरून त्याची नजर हटेना. सातव्या मिनिटाला त्याच्या येरझाऱ्या थांबल्या.

"जोडाची डावी बाजू बघा," तो खाली मान घालून म्हणाला. "काल तिथं हात अडखळला होता."

सासूबाईंनी पावडरीचा डबा अजून हलवलाही नव्हता. जावई वेल्डिंगचे हातमोजे चढवत होता.