चाळीस लिटर

सव्वासहा वाजले तरी ॲपमधला आकडा शून्यावरून हलेना. हेमाने मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. शून्यच.

कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ती एकटी राहायची. आई, सोजरबाई, पुरंदरच्या डोंगरातल्या गावात एकटी. गेल्या वर्षी गावात घरोघरी नळाला मीटर बसले. आईकडे मोबाईल नव्हता, म्हणून पाणी सोडणाऱ्या दत्तोबांनी त्या जोडणीला हेमाचा नंबर दिला. तेव्हापासून आईने किती पाणी भरलं, ते हेमाला पुण्यात बसून कळायचं.

बाकी काहीच कळत नव्हतं. "पुण्याला चल" म्हणून आईच्या मागे लागून लागून गणपतीत ती वैतागली आणि बोलून गेली, "मग मर तिथेच एकटी!" त्या दिवसापासून आईने अबोला धरला. शेजाऱ्यांच्या फोनवरही यायची नाही. दारात जाऊन उभं राहायचं हेमाचं धाडस होत नव्हतं. मायलेकी सारख्याच हट्टी. खाण तशी माती.

उरला तो मीटर. रोज सहाच्या सुमाराला चाळीस लिटर. आधी थोडं कमीजास्त व्हायचं, पण दिवाळीपासून थेंबाचा फरक नाही. संक्रांतीला चाळीस, भर उन्हाळ्यातही चाळीस. आईची शिस्त, दुसरं काय! तो आकडा दिसल्यावरच हेमाच्या घशाखाली चहा उतरायचा.

"शेअर बाजार एवढ्या सकाळी उघडतो का हो?" जिन्यात मोबाईलकडे बघत थांबलेल्या तिला खालच्या मजल्यावरची अपूर्वा एकदा म्हणाली होती. हेमा नुसती हसली. एका नळात आपला जीव अडकलाय, हे कोणाला सांगणार?

साडेसहा. शून्य. आपलेच शब्द तिच्या कानात वाजायला लागले. तिने दत्तोबांना फोन लावला.

"दत्तोबा, आज गावाला पाणी सोडलं नाही का?"

"सोडलं की, ताई. सहालाच."

"मग आमचा नळ? आई... आई बरी आहे ना?"

"आक्का बऱ्या हायत. गुडघा सुजलाय जरा. चालवंना त्यास्नी."

हेमाला रडू आणि राग, दोन्ही एकदमच आले.

"अहो, नळ दारातच आहे. तिथवर कितीसं चालायचं?"





"सांगू नगा म्हनल्यात, ताई. दिवाळीत घराचं मागलं भिताड पडलं. तवापासनं आक्का खालच्या वस्तीवर चंद्रभागाकाकूकडं ऱ्हात्यात. घराला कुलूप हाय. रोज सकाळी मैलभर चढून येत्यात, दोन हंडे भरून लिंबाच्या झाडाला घालत्यात, आन् माघारी जात्यात. म्हनत्यात, पुन्यात पोरगी आकडा बघती. हलला न्हाई तर तिला वाटंल, तिचं बोलनं खरं झालं."