भेगेतला रंग

भूकंपाच्या धक्क्याने तात्यांच्या बैठकीच्या खोलीची भिंत छतापासून फरशीपर्यंत उभी फाटली, तरी विमा कंपनीने क्लेम फेटाळला. कारण काय, तर पाहणीला आलेल्या सर्व्हेअरच्या मते भेगेच्या आतही भिंतीचाच पिवळा रंग आहे, म्हणजे भेग रंगकामाच्या आधीची, जुनी आहे.

तात्यांचा जन्म तिकिटं तपासण्यात गेलेला. साधा-सरळ चेहरा दिसला की त्यांना आधी त्याचाच संशय यायचा. "त्या सर्व्हेअरने आत डोकावूनसुद्धा पाहिलेलं नाही. यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे!" असं म्हणत त्यांनी कंपनीशी भांडून त्याला पुन्हा घरी यायला लावलं. तो आल्यापासून त्याच्या हातांवरची नजर म्हणून हटवली नाही.

सर्व्हेअरने टॉर्च तात्यांच्याच हातात दिला. तात्यांनी भेगेला डोळा लावला. आत पार खोलवर पिवळा रंग होता.

लगेच त्यांचा संशय सर्व्हेअरवरून उठला आणि बिल्डरवर जाऊन बसला. "म्हणजे त्या लबाडाने फुटकी भिंत रंगवून आमच्या गळ्यात मारली!"

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली आणि सर्व्हेअरला म्हणाली,



"मागच्या वेळी तुम्ही येणार कळलं, म्हणून घाईघाईत भेगेत ब्रशने एकच हात मारला होता, भाऊ. परक्या माणसाला भिंत तशी कशी दाखवायची? काल हे बाहेर गेल्यावर निवांत दुसरा हात दिलाय. आता जरा बरी दिसते ना?"