अकरा सेकंद

२००३ सालचा मे महिना. रत्नागिरीत राजिवड्याला राहणाऱ्या तहाने चंद्रावरच्या गोळीबाराचा एक गेम स्वतः तयार केला होता. सोमवारी तो मुंबईच्या एका कंपनीला दाखवायचा होता. तिथे नोकरी लागली नाही, तर अब्बांसारखं जहाजावर जायचं, हे घरात ठरलेलं होतं.

गेममधल्या शिपायाच्या उडीचा वेळ त्याने घरीच मोजला होता. तो अंगणातल्या चिऱ्याच्या गडग्यावरून, त्या दगडी कुंपणावरून, उडी मारायचा. पाय जमिनीवर आपटल्याचा आवाज आला की बहीण महरीन स्टॉपवॉच थांबवायची. अर्धा सेकंद भरला. चंद्रासाठी त्याने तो सव्वा केला.

मग मित्रांना सीडी दिल्या. खेडहून दीपकचा फोन आला.

"तुझा शिपाई उडी मारून वर चहा पीत बसतो काय रे? उतरायला अकरा सेकंद! तोवर कोणीही गोळी घालतो. वेळ कमी कर."

केळशीहून फिजाने तेच कळवलं. जयगडच्या हुसेननेही. तिघांचा आकडा एकच. तहाच्या कॉम्प्युटरवर मात्र शिपाई सव्वा सेकंदात उतरत होता.

"आपलं मोजणंच चुकलं असेल," असं म्हणत शनिवारी भर दुपारी तो पुन्हा गडग्यावर चढला.

"भाई, नीट मार हां," महरीन म्हणाली. "तू जहाजावर गेलास तर मला कॉम्प्युटर कोण शिकवणार?"

त्याने उडी मारली. तिने बटण दाबलं आणि नजर घड्याळावर ठेवली.

दोन. पाच. नऊ.

पायांचा आवाज अजून आला नव्हता. महरीनने मान वर केली नाही. ती अकराची वाट बघत राहिली.