दोघांची खोली

दाढीवाला संगणकाच्या पडद्याकडे बघून हसला, आणि काचेपलीकडे पोस्टमास्तरची बायकोही हसली. तोंडातून मात्र दोघांनी एक शब्द काढला नव्हता.

म्हणजे निरोप सर्व्हरवरून गेला होता. आणि सर्व्हरही होता पोस्टमास्तरचाच.

ऑफिसभरचे निरोप ज्याचे त्याला पोचवणारा हा सर्व्हर त्याने एकट्याने उभा केला, म्हणून त्याला हे नाव पडलं. ज्यांना आपसात बोलायचं त्यांनी सर्व्हरवर एक खोली उघडायची. खोलीत टाकलेला निरोप आतल्या सगळ्यांना मिळायचा. बायको त्याच ऑफिसात संगणकावरच्या पडद्यांची मांडणी करायची. नवा माणूस आत शिरला की आधीच्यांना कळलंच पाहिजे, हा हट्ट तिचाच. त्यानेही हौसेने तशी सोय केली. येणाऱ्याला मात्र तो आल्यानंतरचंच बोलणं दिसायचं.

तेव्हा दाढीवाला नोकरीला लागायचा होता.

आता पोस्टमास्तर मनातून जळत होता. घरी हो-नाहीवर भागवणारी बायको इथे खळखळून हसते, हे त्याला बघवेना. एकदा जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं करून विचारलंच.

"काम असतं," ती म्हणाली. "तुला सगळ्यातच काळंबेरं दिसतं. असंच चालणार असेल तर मी आपली माहेरी जाते."

दुसऱ्या दिवशी त्याने सर्व्हर तपासायला ठेवलेलं 'चाचणी' नावाचं खातं काढलं आणि दोघांच्या खोलीत शिरला. पहिलाच निरोप बायकोचा होता.

"चल, आता कामाचं बोलू."

मग बटणांचे रंग, अडकणारा पडदा, सोमवारची बैठक. आठवडाभर कान टवकारून हाती काय लागलं, तर बटणं. मनी वसे ते स्वप्नी दिसे, दुसरं काय. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"माझं चुकलं गं," तो घरी म्हणाला. "उगाच संशय घेतला."

"जाऊ दे," ती म्हणाली. त्याला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी दाढीवाल्याचं यंत्र अडलं, तेव्हा पोस्टमास्तर मोठ्या मनाने स्वतःच मदतीला गेला. दाढीवाला त्याला खुर्ची देऊन पाणी आणायला गेला. ती खोली पडद्यावर उघडीच होती. यंत्र सुरळीत झालं का बघायला त्याने निरोप मागे सरकवले. सरकता सरकता ते ओळखीचं वाक्य आलं, "चल, आता कामाचं बोलू," आणि त्याला हसू फुटलं.

त्या वाक्याच्या बरोबर वर, बारीक करड्या अक्षरांत, त्याच्याच सर्व्हरने पाठवलेली ओळ होती: 'चाचणी' खोलीत आले आहेत.