टाळ्या कधी वाजवायच्या

आशालताबाईंच्या पत्राला आपण अजून उत्तर दिलेलं नाही, हे शामकांतरावांना नेमकं व्हायोलिनं सुरू झाली की आठवायचं.

पत्र येऊन महिना होत आला होता. वर मायना नव्हता, खाली सही नव्हती. ‘पुण्याला सहकारनगरात माझ्या मावसबहिणीच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. आपण दोघं तिथे जाऊन राहू या. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. तुमचं काय ते कळवा.’ एवढंच. शामकांतरावांनी ते वाचनालयाच्या पुस्तकात घालून ठेवलं होतं आणि त्या पुस्तकाची मुदत दोनदा वाढवून घेतली होती.

जून महिना होता. शहरातल्या जुन्या चर्चमधून इंग्रजी शास्त्रीय संगीताचा ‘समर फेस्टिव्हल’ चालू होता. बारा महिने उकडणाऱ्या सिंगापुरात समर वेगळा कसा ओळखायचा, हे त्यांना काही उमगलं नव्हतं. पण कार्यक्रम शनिवारी दुपारी असत, प्रवेश मोफत होता आणि दोघांच्याही घरी कुणालाच या संगीतात रस नव्हता. म्हणून भेटायची जागा तीच ठरली.

शामकांतराव जुरोंग ईस्टला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायचे.

“बाबा, आज पुन्हा चर्च?” सून अनुजा म्हणाली.

“आज कॅथीड्रल आहे.”

“जपून हं. एक दिवस बाप्तिस्मा घेऊनच घरी याल.”

संकेतने पेपरातून मान वर न काढता विचारलं, “सातपर्यंत याल ना? क्षितिजचं गणित कोण घेणार?”

“येतो,” शामकांतराव म्हणाले. मुलाशी नजर न मिळवता त्यांनी चपला घातल्या.

आशालताबाई बुओना व्हिस्टाहून यायच्या. तिथे त्या लेकीचं बाळ सांभाळायच्या. सिटी हॉल स्टेशनवरून दोघं वेगवेगळे चालत येत, वेगवेगळ्या दारांनी आत शिरत आणि मग एकाच बाकावर, मध्ये पर्सपुरती जागा सोडून बसत.

या संगीतावरचं एक पुस्तक शामकांतरावांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. तरी गेल्या शनिवारी आर्मेनियन चर्चमध्ये रचनेचा पहिला भाग संपताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यांनीच. मागचे दोन इंग्रज गृहस्थ खाकरले.

“पुस्तकात ते दिलं नव्हतं वाटतं,” आशालताबाई समोर बघत म्हणाल्या होत्या.

आज त्यांनी पर्समधून एक पुडी काढून बाकावरून सरकवली. “शंकरपाळे. साखर कमी घातलीय.”

“इथे खायचे?”

“खिशात टाका. आणि घरी दाखवू नका. कुणी दिले म्हणून विचारतील.”

त्यांनी पुडी खिशात घातली. “बाळ कसं आहे?”

“माझ्याशिवाय झोपत नाही. चैताली म्हणते, अजून वर्षभर राहा. पुढच्या आठवड्यात इथे राहायचा पास वाढवायला नेणार आहे मला. जाऊ का मी?”

शामकांतराव खिडकीच्या रंगीत काचांकडे बघत राहिले. “लिहिणार होतो. पण तिथे पत्रपेटीची किल्ली चैतालीकडे.”

“मग तिच्या हातात पडेल. पडू दे की.”

“या वयात बरं दिसेल का?”

“ते आता मी सांगायचं का?”

ऑर्गन सुरू झाला. पायाखालची फरशी हलल्यासारखी वाटली. शामकांतरावांनी मनाशी वाक्यं जुळवून पाहिली. आम्ही पुण्याला जातोय. का? कशासाठी? काय कमी आहे इथे? प्रत्येक प्रश्नावर त्यांची वाक्यं मोडून पडत. कमी तर काहीच नव्हतं. खोली होती, टीव्ही होता, औषधं वेळेवर मिळत. मग या बाईंशेजारी बसलं की शनिवार संपू नये असं का वाटतं, हे मुलापुढे मांडायचं तरी कोणत्या तोंडाने?

मध्यंतरात दारातून प्रबोध आत आला. संकेतच्याच ऑफिसातला. त्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्या मराठी मंडळीत पोचायची. आशालताबाईंनी त्याला आधी पाहिलं. त्या उठल्या आणि चार बाक पुढे, खांबाच्या आडोशाला जाऊन बसल्या.

“काका, तुम्ही इथे? एकटेच?” प्रबोध आशालताबाईंच्याच जागेवर बसला.

“हो. म्हणजे, नाही. संगीतासाठी.”

“मला एसीसाठी बरं वाटतं,” प्रबोध हसला.

पुढचा भाग सुरू झाला. शामकांतरावांना तो ऐकूच आला नाही. चार बाकांपलीकडे खांबाआडून पांढरा अंबाडा आणि गळ्याशी घट्ट ओढलेला पदर तेवढा दिसत होता. त्या एकदाही वळल्या नाहीत. आपण नेमकं काय चोरतोय, हे शामकांतरावांना कळेना.

शेवटचा सूर विरला. कुणीच हललं नाही. संपलं की अजून आहे? ते लोकांच्या हातांकडे बघत राहिले. टाळ्या सुरू झाल्या तोवर खांबाजवळची जागा रिकामी झाली होती आणि बाजूचं दार हलत होतं.

बाहेर एक मुलगी टेबलावर कॅथीड्रलच्या चित्राची पोस्टकार्डं विकत होती. शामकांतरावांनी एक घेतलं, टपालाचं तिकीटही घेतलं.

“पाकीट हवं का?” तिने इंग्रजीत विचारलं.

“नको,” ते म्हणाले, आणि प्रबोधकडे पेन मागितलं.

त्यांनी उभ्याउभ्याच लिहिलं, ‘हो. दोन तिकिटं काढतो. घरी मी सांगतो.’ खाडाखोड झाली नाही. प्रबोध खांद्यावरून डोकावत होता. शामकांतरावांनी अक्षरांवर हात ठेवला नाही.

“कुणाला एवढं तातडीचं, काका?”

त्यांनी नावाच्या ओळीवर इंग्रजीत, सावकाश, पूर्ण नाव लिहिलं : मिसेस आशालता शामकांत दाबके. खाली ‘केअर ऑफ’ लिहून बाळासाठी आईला आपल्याकडे नेलेल्या त्यांच्या लेकीचं, चैतालीचं, नाव आणि पत्ता घातला, आणि कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकून दिलं.