खड्ड्यातला उंदीर

तान्ह्या मनूला पुन्हा धाप लागली तशी रुक्माने झोळी थांबवली आणि दार उघडलं. दार उघडलं की शहापूरच्या त्या बोळाचा वास आत येई, मिटलं की घरचा वास घरातच कोंडून राही. आंबलेली खळ, रंगाचं पाणी, तुंबलेलं गटार, शेजारच्या तम्मण्णाची शेळी. समोरासमोरच्या घरांतल्या माणसांनी हात लांबवून तपकिरीची डबी द्यावी-घ्यावी, एवढाच काय तो रस्ता. घराला घर चिकटलेलं, प्रत्येक घरात माग, आणि माणसांपेक्षा उंदीर जास्त.

बेळगुंदीच्या शेतावर वाढलेल्या रुक्माला लग्न होऊन चार वर्षं झाली तरी या बोळाची शिसारी जात नव्हती. सगळ्यात जास्त किळस तिला सासूची येई. सोनाबाई निपाणीच्या तंबाखूची मिश्री लावी आणि उंबऱ्यातूनच गटारात पिंक टाकी. गटार चुकलं की पिंक पायरीवर. चूल-विळी सगळी रुक्माच्या गळ्यात घालून म्हातारी दिवसभर रहाटावर सुताच्या कांड्या भरी आणि साऱ्या बोळाची उणीदुणी काढी. देवाच्या पाण्याची पितळी चरवी तेवढी ती चिंचेने घासून लखलखीत ठेवी. त्या चरवीला सुनेलाही हात लावू देत नसे.

त्या साली गावात पुन्हा प्लेग शिरला होता. पोरीला उघड्या हवेत न्या, नाहीतर हाती लागायची नाही, असं वैद्याने सांगितलं होतं. पण बेळगुंदीकरांनी वाटेवर काटेरी कुंपण घातलं होतं. शहरातल्या माणसाला, मग ती गावची लेक का असेना, वेशीच्या आत घेत नव्हते. माळावर सरकारी झोपड्या उभ्या होत्या खऱ्या. पण ज्याच्या घरात उंदीर मरून पडे त्यालाच तिथं जागा मिळे, आणि त्याला जावंच लागे. घराला कुलूप बसे.

विणकरांना तेच नको होतं. मागावर चढवलेला ताणा काही उचलून नेता येत नाही. म्हणून मेलेला उंदीर चिंधीत गुंडाळून गुपचूप दुसऱ्याच्या परसात टाकायची रीतच पडली होती. त्या बोळातला उंदीर जिवंतपणी फिरला नसेल एवढा मेल्यावर फिरे. मागच्या साली सोनाबाईने एक तम्मण्णाच्या उकिरड्यात टाकला होता, तो रुक्माने डोळ्यांनी पाहिला होता.

रुक्माच्या नवऱ्याच्या, परशरामच्या मागावर लग्नाचा शालू अर्धा विणून झाला होता. शालू उतरू दे, मग बघू, एवढंच तो म्हणे. एका संध्याकाळी मनूचे ओठ निळे पडले आणि रुक्माचा धीर सुटला.

"आपल्यातच पडू दे एक उंदीर," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी पोरगी तरी जगंल."

सोनाबाईने रहाट थांबवून पिंक टाकली. "असलं अभद्र बोलू नगंस. माग बंद पडल्यावर काय माती खाणार हाईस?"

रुक्माला त्या काळ्या दातांकडे बघवेना. या बाईला नातीपेक्षा माग प्यारा, असं तिच्या मनाने घेतलं.

दोनतीन दिवसांनी सकाळी परशराम विणायला बसायचं म्हणून मागाखालच्या पाय सोडायच्या खड्ड्यात उतरला आणि तसाच वर आला. खड्ड्यात उंदीर पडला होता. चांगला थोराड, पोट फुगलेलं, केस अंगाला चिकटलेले, खालची माती ओली. रुक्माने तोंड फिरवलं. आणि त्याच वेळी मनातून हलकंही वाटलं, त्याची तिला लाज वाटली. परशरामने दबक्या आवाजात आईकडे चिंधी मागितली.

सोनाबाईने चिंधी दिली नाही. पदर खोचून ती उंबऱ्यात उभी राहिली आणि तम्मण्णाच्या नावाने कोकलायला लागली. "आमच्या खड्ड्यात उंदीर टाकतोस व्हय रं, मुडद्या?"

तम्मण्णा शपथा घेऊन नाही म्हणत होता. कोण ऐकतो? सगळा बोळ गोळा झाला. परशराम आतून हात जोडून तिला गप्प बसायला विनवत होता. प्लेगचा इन्स्पेक्टर मारुतीराव रोज याच वेळेला बोळाच्या तोंडाशी येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तो नाकाला रुमाल लावून आला, त्याने चिमट्याने उंदीर उचलला आणि दारावर चुन्याची खूण केली.

"आये, तुझ्या तोंडानं घात केलास," परशराम म्हणाला.

म्हातारी आत जाऊन बोचकं बांधायला लागली. जन्मात या घाणेरड्या तोंडाचा एवढा एक उपयोग झाला, असं रुक्माला वाटलं.

माळावर वारा होता. मनूची धाप हळूहळू बसली, ती रांगायला लागली, हसायला लागली. सोनाबाई मात्र सारखी कुरकुरत असे. ताणा एव्हाना उंदरांनी खाल्ला असेल, शालू मातीत गेला. तिच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती आणि अंगठा सुजला होता. रुक्माने विचारलं तर विळी लागली म्हणाली. देवाची चरवी तिने बोचक्यात बांधून आणली होती, पण बाहेर काढली नव्हती. देवाला पाणी मातीच्या लोट्यातून. इथं तरी कोण शिवतंय तुझी चरवी, रुक्मा मनात म्हणे.

एका दुपारी सोनाबाई काटक्या वेचायला गेली होती. मनूने रांगता रांगता लोटा पाडून फोडला आणि पाण्यासाठी भोकाड पसरलं. रुक्माने इकडेतिकडे पाहिलं. मग सरळ बोचकं सोडलं, चरवी काढली आणि पाणी ओतायला दाराच्या उजेडात धरली.

आतली कल्हई तळापासून गळ्यापर्यंत बारीक नखांनी ओरबाडलेली होती.